बाबांची उधारी आणि निळा स्क्रीन

विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून दिवाळीत पोलादपूरला गेल्यावर बाबांच्या लॅपटॉपवर मीच इलेव्हन टाकलं. मास कॉम केलं तरी घरचे आपल्याला इंजिनियरच समजतात ना!

दुसऱ्या दिवशी महाडच्या दुकानात निळा स्क्रीन. मग तासातासाला. ड्रायव्हर अपडेट केले, अँटिव्हायरस काढला. ढिम्म! बाबा काही बोलले नाहीत, त्याचंच जाम टेन्शन. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी बाजारात शिरलं, तेव्हा त्यांच्या उधारीच्या वह्यांचा लगदा झाला होता. तेव्हापासून सगळा हिशेब या एका डब्यात. बॅकअप? छे. दोन निळ्या स्क्रीनच्या मधे मिळालेल्या दहा मिनिटांत फाइल्स पेन ड्राइव्हवर ओढल्या.

स्टँडजवळच्या रिपेअरवाल्या पोराने झाकण उघडलं, रॅमच्या दोन पट्ट्यांतली एक काढली. मशीन सुरळीत! तीच एकटी लावली, की पुन्हा निळा.

"ताई, सिस्टिमला उगाच शिव्या दिल्यात."

जुनी सिस्टिम मेमरी कमी खायची, त्या खराब कोपऱ्यापर्यंत पोचतच नसावी.

रात्री बाबा लक्ष्मीपूजनाची कोरी वही घेऊन उधारी पेनाने उतरवत बसले होते.

"असू दे एक," म्हणाले, "वरच्या फळीवर."