रिंग बंद करण्याआधी

पुणे, गुरुवार

चि. चिऊ,


तू पाठवलेला टॅटिंगच्या लेसचा फोटो मोठा करून करून पाहिला. टाके चांगले आलेत, पिकोही एका उंचीचे आहेत. घोटाळा आहे तो खाली, रिंगची दोन टोकं जिथं भेटायला हवीत तिथं. उंदरानं कुरतडल्यासारखी फट राहिली आहे. ‘माझा हातच वाकडा’ असं तू लिहिलंस, ते खोटं. हात सरळ आहे, पण रिंग बंद करताना तू घाई करतेस. फोनवर सांगून हे समजणार नाही, म्हणून पत्र.

आधी सुई बघ. शिवणाची असेल तर कपाटात ठेव. तिचं नेढं फुगीर असतं. वीस टाके तिच्यावरून काढताना नेढ्याशी अडतात आणि आपण ओढाताण करतो. टॅटिंगची सुई जवळजवळ पाच इंच लांब, बोथट टोकाची आणि नेढ्यापर्यंत एकाच जाडीची असते. नंबर वाढला की सुई बारीक होते. दहा नंबरच्या दोऱ्याला पाचची सुई, वीसच्या दोऱ्याला सातची, हे मला जमलेलं गणित. बोहरी आळीत एका दुकानदारानं मला लोकर शिवायची सुई ‘हीच ती’ म्हणून दिली होती आणि दोन महिने मी स्वतःच्या बोटांना बोल लावत बसले होते.

आता रिंग. दोरा सुईत ओव, हातभर शेपूट ठेव, पण गुंड्यापासून तोडू नकोस. टाके गुंड्याकडच्या दोऱ्यानं घालायचे, शेपूट आतून जाणार. एक अर्धा टाका एका बाजूनं, दुसरा उलट बाजूनं, दोन्ही मिळून एक. उलटा अर्धा विसरत गेलीस तर सगळं काम दोरखंडासारखं पीळ खातं. पाच टाके, पिको, पाच, पिको, पाच, पिको, पाच, असे वीस घाल. पिको म्हणजे मुद्दाम सोडलेली मोकळी जागा. सुईवर एक सेंटिमीटर सोडलीस तर टाके सरकवल्यावर अर्ध्या सेंटिमीटरचा फुगा उभा राहतो. (साडीला आपण जो पिको करून घेतो, तो शब्द हाच, मूळचा फ्रेंच.)

इथवर तुला येतंच. टाके मोज, चुकले असतील तर सुईवरून सरकवून उसव. सुईची ही मोठी सोय. मोजणी झाली की टाके डाव्या चिमटीत घट्ट धर आणि सुई पुढे ओढ. टाके सुईवरून उतरून शेपटाच्या दोऱ्यावर जातील, आणि पहिल्या टाक्याच्या बाजूला दोऱ्याचा फास लहान लहान होत जाईल. तो पूर्ण ओढून संपवू नकोस. करंगळीचं टोक जाईल एवढा राहू दे, पिळलेला नाही ना बघ, आणि सुई त्या फासातून घाल. मग सुईचा दोरा सावकाश ओढ, आणि दुसऱ्या हाताच्या नखानं टाके एकमेकांकडे रेटत जा. पहिला आणि विसावा टाका नाकाला नाक लागेपर्यंत. तोवर ही सुरगाठ आहे. दोरा सरकतो, मन बदलता येतं.

तू इथंच चुकतेस. तू फास आवळलास आणि लगेच दोन्ही दोऱ्यांची निरगाठ मारून पुढच्या चेनला, म्हणजे रिंगांमधल्या टाक्यांच्या कमानीला, लागलीस. रिंग अजून बंदच झाली नव्हती! आधी काम उलट करून मागची बाजू पाहा, फट नसेल तर गाठ मार, आणि ती रिंगच्या बुडाशी नेऊन बसव. घट्ट बसलेली रिंग उघडायचीच झाली, तर एखाद्या पिकोच्या दोन्ही बाजूंचे टाके चिमटीत धरून ताण. आतला दोरा जरा ढिला होतो. पण हे कष्टाचं काम आहे.

दुसरी रिंग पहिलीला जोडताना पाच टाक्यांनंतर नवा पिको न सोडता, पहिल्या रिंगच्या शेजारच्या पिकोतून क्रोशाच्या सुईनं दोरा वर काढ, त्याचा वेढा सुईवर चढव, ओढून टाक्यांना भिडव, आणि पुढे चाल. शेवटची रिंग पहिलीला जोडताना पिको उलटा पिळतो. काम घडी घालून पाहिल्याशिवाय तिथं हात घालू नये.

शटलनं, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या छोट्या नावेसारख्या साधनानं, टॅटिंग करणाऱ्या बायका म्हणतात की सुईची रिंग खरी टॅटिंग नाही. मी शाळेत शटलनंच शिकायला गेले होते. तिथं गाठ एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारते, आणि ती उडी मला कधीच जमली नाही. सुईवर ती लागतच नाही. सुईची जाडी टाक्यात उरते, म्हणून आपली रिंग थोडी मोठी, मऊ होते, शटलची करकरीत. बाळाच्या झबल्याला मऊच बरी, माझं मत. आणि ही काही कालची टूम नाही: अमेरिकेतल्या ‘मॉडर्न प्रिसिला’ मासिकात एप्रिल १९१७ मध्येच सुईनं टॅटिंग करण्यावर लेख आला होता.

जर्मन लोक या कामाला ‘ओक्की’ म्हणतात. शब्द इटालियन, अर्थ डोळे. खुद्द इटालियन मात्र याला बडबडीवरून नाव देतात, ‘क्याक्येरीनो’. मला जर्मनांचं पटतं. तुझ्या फोटोतला तो डोळा नीट मिटलेला नाही, एवढंच.

वीस टाक्यांच्या बारा रिंगा कर, जोडू नकोस, तोडून पाकिटात घालून पाठव. पांढऱ्या दोऱ्यात कर. रंगीत छटांच्या दोऱ्यात फट लपते. आणि दिवाळीला येताना सातची सुई आण, माझी वाकली आहे.

तुझी,
मावशी