आधी पारा, मग गळ

जुलैच्या मध्यावर स्कॉटलंडमधल्या डी नदीवर सॅमनसाठी जायचं, तर रॉडच्या आधी मी खिशात थर्मामीटर टाकतो. गुडघाभर पाण्यात उतरायचं, दोरी बांधलेला थर्मामीटर वाहत्या धारेत, आपल्याच सावलीत, मिनिटभर बुडवून धरायचा. 15 अंश दिसले की मी खूश. 18 दिसले की कपाळाला आठी. 20 च्या पुढे पारा असला तर रॉड पिशवीतून निघतच नाही. पहाटेच्या आकड्यावर भिस्त ठेवायची नाही; तेच पाणी दुपारी चार-पाचला चांगलंच तापलेलं असतं. (थर्मामीटर नेमका कुठे बुडवायचा, यातही लोक आपापली सोय बघतात. थंड ओहोळ येऊन मिळतो त्या कोपऱ्यात बुडवला की आपला दिवस वाचतो. माशाचं काय, ते मासा बघेल!)

10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 11 मिलिग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू मावतो. 20 अंशांना तो 9 च्या आसपास येतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. आवक घटलेली, खर्च वाढलेला. अशा माशाला गळावर दमवून सोडलं, तर तो शेपटी मारून निघून जातो, आपल्यालाही बरं वाटतं; पण काही तासांनी तो खालच्या डोहात पोट वर करून तरंगताना सापडू शकतो. डीवर 1990 च्या दशकाच्या मध्यापासून धरलेला सॅमन परत सोडायचा दंडक आहे. त्यात डिसेंबर 2023 मध्ये ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनची नोंद आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ अशी झाली. नुसतं ‘आम्ही सोडतो हो’ म्हणून आता भागत नाही.

डी उगम पावते केर्नगॉर्मच्या डोंगरांत, ब्रेरीआखच्या माथ्यावर, 1,200 मीटरच्याही वर. ब्रेमार, बॅलटर, बँकरी करत सुमारे 140 किलोमीटरवर अॅबर्डीनला उत्तर समुद्राला मिळते. वाटेत पाणी अडवणारं मोठं धरण नाही. वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळून तिला पुरवतं. ते संपलं की सगळी मदार पावसावर. तीन आठवडे पाऊस नसला की ग्रॅनाइटचे गोटे उघडे पडतात, पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं, आणि डोहातले मासे आपल्याला दिसायच्या आधी आपण त्यांना दिसतो.

या नितळ, उथळ पाण्यात गळ कसा टाकावा, हे ज्या माणसाने बसवलं तो याच नदीवरचा. बँकरीच्या वर केर्नटन नावाचा टापू आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर वुड रेशमी दोरीला चरबी चोळून ती पाण्यावर तरंगती ठेवायचा आणि पिसांची अगदी बारीक, किरकोळ बांधलेली माशी पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली हळूहळू फिरवायचा. 1935 मध्ये त्याच्या पद्धतीवर पुस्तकही निघालं. आजची दोरी आपोआप तरंगते, पण हाताचं काम तेच आहे. नदीच्या मध्यावर धार जोरात असते, ती दोरीचं पोट खाली ओढते, आणि माशी पाठीमागून फरफटत सुटते. फरफटणाऱ्या माशीकडे सॅमन ढुंकून बघत नाही. म्हणून दोरी पाण्यावर पडल्या पडल्या रॉडचं टोक उचलून ते पोट धारेच्या वरच्या बाजूला पलटायचं. ओढायचं नाही, झटकायचं नाही. मनगटाने नुसतं उचलून ठेवायचं. जमलं की माशी बुडाल्या जागेवरून संथ सरकत येते.

आणि मासा लागला की हात आवरायचा. वुडचं सांगणं हेच होतं: मासा माशी घेऊन वळू दे, धारेचा दाब दोरीवर येऊ दे, गळ आपसूक जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. ऐकायला सोपं. दोरी ताणली जाताना हात खाली ठेवणं म्हणजे शिंक आवरण्यासारखं आहे.

गंमत म्हणजे गोड्या पाण्यात आल्यावर सॅमन खातच नाही. मग माशी का धरतो, यावर प्रत्येक गिलीचं, म्हणजे नदीवरच्या जाणत्या मदतनिसाचं, वेगळं मत. आमच्या कोकणात मृगाच्या पहिल्या पाण्याला चढणीचे मासे ओढ्याने वर येतात, अंडी टाकतात आणि मोकळे होतात. सॅमन जूनमध्ये चढला तरी अंडी घालायला शरद सरत यावा लागतो. तोवर समुद्रात साठवलेल्या चरबीवर गुजराण. उन्हाळ्यात त्याला उगाच पळवलं, तर त्या शिदोरीतलंच खर्ची पडतं. कोकणात पोटात गाबोळी असलेल्या माशांवर रात्री बत्त्या घेऊन पडणारे आम्ही, या बाबतीत कुणाला शिकवायच्या लायकीचे नाही, ते सोडा.

नदीच्या वरच्या अंगाला बऱ्याच ओढ्यांच्या काठी झाडं नाहीत. मेंढ्या आणि हरणांनी कोंब वर येऊ दिले नाहीत. आता पाण्यावर सावली यावी म्हणून तारेची कुंपणं घालून बर्च, विलो, रोवन लावताहेत. मोठी होईपर्यंत त्यांचा आम्हाला उपयोग नाही. आम्ही आपले सावलीच्या ऐवजी वेळा धरतो: पहाटे चार, किंवा रात्री दहाचा उजेड, आणि डोहाचा वरचा गळा, जिथे फेसाळ पाण्यात हवा मिसळते.

पण खरी वाट बघायची ती पावसाची. ब्रेमारकडे कोसळला की काही तासांनी खालच्या अंगाला पाणी चढतं. चढत्या पाण्यात काही हाती लागत नाही, नुसता पाचोळा. ते उतरायला लागलं, गढूळपणा जाऊन कोऱ्या चहाचा रंग आला, पारा 14 वर उतरला, की समुद्रातून नुकते आलेले चंदेरी मासे चालू लागतात. ही घटका फार तर दिवसभराची. आणि बऱ्याचदा ती रविवारी येते. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमनला गळ टाकायला कायद्याने बंदी आहे. सोमवारी आम्ही हजर होतो, तोवर पाणी ओसरलेलं असतं आणि मासे बॅलटरच्या पुढे.