वरचं पाणी

दिवाळीनंतर माशांच्या टाक्या बनवणाऱ्या नानांनी सिलिकॉनची गन दुकानातल्या पोऱ्याच्या हातात दिली. चार फुटांच्या काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एका दमात रेघ ओढायची असते. मध्ये हात थांबला की तिथं गाठ पडते आणि पुढे कधीतरी त्याच गाठीजवळून पाणी झिरपतं. नानांचा अंगठा आता थरथरतो. दोन टाक्यांना गाठी पडल्या. तिसरीच्या वेळी त्यांनी गन खाली ठेवली.

जामनेरात नानांचा जॉइंट प्रसिद्ध होता. गिऱ्हाईक आलं की ते आधी मासे दाखवत नसत, कोपरा दाखवत. बोट फिरवून पाहा, म्हणत. काचेतून काच उगवल्यासारखी ती पातळ, काळी, सरळ रेघ पाहून माणूस गप्प झाला की त्यांना भरून यायचं. हे ते आज स्वतःहून सांगतात. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात (ते 1951 सालचं) पहिल्यांदा गेले, तेव्हाही मासे राहिले बाजूला. ते काचांच्या कडा निरखत फिरले आणि ‘आपलं काम याहून साफ आहे’ असं ठरवून परतले. काचेच्या या अभिमानापायी आतल्या पाण्याकडे कितीतरी वर्षं नीट पाहिलंच नाही, असं ते म्हणतात, तेव्हा आवाज खाली येतो.

पोऱ्याच्या हातची पहिली मोठी टाकी गावातल्याच एका शिक्षक जोडप्याच्या नव्या घरासाठी होती. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर 255 लिटर. काच दहा मिलिमीटरची, तिचंच वजन पन्नास किलो. वाळू, दगड, लोखंडी अँगलचा स्टँड धरला तर साडेतीनशेच्या वर जातं. नानांनी घरात शिरल्यावर आधी फरशी पाहिली. खानदेशातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरची घरं दरवर्षी केसभर हलतात. स्टँड एका पायावर लंगडला तर सगळा ताण तळाच्या काचेवर येतो. लेव्हलची नळी चारही कोपऱ्यांना लावून झाली, टाकीखाली थर्माकोल घातलं, आणि हॉलच्या मधोमध टाकी ठेवायचा बाईंचा बेत नानांनी मोडून काढला. भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथं. त्यावर चर्चा नाही.

फिल्टरबाबतही ते असेच ठाम. सरांनी बाहेर बसणारा बंद डब्याचा महागडा फिल्टर पाहून ठेवला होता. नानांनी दोन मोठे स्पंज फिल्टर आणि एक हवेची मोटर घ्यायला लावली. कारण साधं आहे. माशांच्या अंगातून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजात राहतात, आणि त्यांनाही श्वास लागतो. वीज गेली की बंद डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरतात, आणि वीज आल्यावर तेच कुजकं पाणी टाकीत फेकलं जातं. हवेची मोटर चार-पाच वॅटची, घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालते. भारनियमनाची वर्षं ज्यानं काढली आहेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय पंचवीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पस्तीस अंशाला सातही नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीपर्यंत चढतो, तेव्हा घरातली टाकी तापतेच. कूलरचं पाणी जसं वाऱ्यानं गार होतं, तसंच टाकीच्या तोंडावर छोटा पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. नानांनी हा पंखा वर्षानुवर्षं वापरला. त्यांच्या दुकानातल्या सगळ्यात जुन्या टाकीवर तो असायचाच.

आणि गोम तिथंच होती.

त्या जुन्या टाकीत एक कोडं होतं. आतले मोठे मासे वर्षानुवर्षं धडधाकट, पण नवा मासा सोडला की पहिल्या रात्री मरायचा. सकाळी तळाशी आडवा. नानांनी आधी प्रवासाला दोष दिला. तेव्हा मुंबईहून पाचोऱ्यापर्यंत मोठ्या गाडीनं पिशव्या यायच्या आणि पुढे पीजेनं, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वेनं, जामनेर गाठायच्या. त्या अरुंद गेजच्या गाडीत मासे हिंदकळतात, असं त्यांचं मत. 2020 च्या टाळेबंदीत पीजे थांबली, पिशव्या रस्त्यानं येऊ लागल्या, तरी मासे मरतच राहिले. मग त्यांनी पुरवठादाराला दोष दिला. त्याच्याशी भांडण झालं, व्यवहार तुटला. तो माणूस बरोबर होता, हे नाना आता सांगतात. त्याला तसा फोन मात्र अजून केलेला नाही.

कोडं सोडवलं पोऱ्यानं. तो आधी आरओचं काम करायचा, खिशात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन असायचं. एका दुपारी त्यानं सहज ते बोअरच्या बादलीत बुडवलं: 780. मग जुन्या टाकीत बुडवलं. 1,640.

“नाना, हे पाणी नाही, खारवलेली आमटी आहे.”

हिशेब मांडायला वहीचं एक पान पुरलं. त्या टाकीचं तोंड चार बाय दीड फूट. पंखा लावल्यावर उन्हाळ्यात रोज सेंटिमीटरभर पाणी उडतं, म्हणजे साडेपाच लिटर. महिन्याला एकशे साठ-पासष्ट. उडतं ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. नाना रोज सकाळी ती तूट बोअरच्याच पाण्यानं भरत. 780 टीडीएसचं 160 लिटर पाणी म्हणजे महिन्याला सव्वाशे ग्रॅम क्षार, चहाच्या पेल्यात दिसतील एवढे. अधूनमधून थोडं पाणी बदललं तरी साठा वाढतच जातो. आतल्या माशांना हे इतकं हळू होतं की ते सोसत जातात. नवा मासा मात्र पिशवीतल्या हलक्या पाण्यातून थेट त्या खारटपणात पडतो, आणि रात्रीत त्याच्या अंगातलं पाण्या-क्षारांचं गणित कोलमडतं. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर जमायचा. नाना तो ब्लेडनं खरवडून काढत, काच चमकवत. तो थरच तर सांगत होता.

तेव्हापासून त्यांचं बोलणं फिरून फिरून ‘वरच्या पाण्या’वरच येतं. बदलायचं पाणी वेगळं आणि वरचं पाणी वेगळं. पंधरा दिवसांनी चौथा हिस्सा काढून बोअरचं पाणी भरा, क्लोरीन नसल्यानं फार तर रात्रभर हवा द्या. पण रोजची तूट भरायची ती आरओच्या जारनं किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं. दुकानात कोणी हीटरची चौकशी करायला आला तरी नाना हे सांगितल्याशिवाय सोडत नाहीत.

माशांच्या निवडीतही आता पाणी आधी येतं. सरांच्या मुलीला हवे होते डिस्कस आणि निऑन टेट्रा. दोन्ही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ आणि आम्ल पाण्याचे. आपल्या बोअरचं पाणी बेसाल्टातून आलेलं, जड, पीएच आठच्या आसपास. दुकानदार त्यावर पीएच उतरवायची बाटली विकतात; जड पाण्यात पीएच दोन दिवसांत पुन्हा जागेवर येतो आणि या चढउतारात मासा जातो. ही बाटली विकणाऱ्यांचा नानांना मनापासून राग आहे. तसाच राग ‘शार्क’ म्हणून बोटभर पिल्लू विकणाऱ्यांचा. तो असतो पंगस, बाजारात खायला मिळतो तोच, मीटरभराच्या वर वाढणारा. चार फुटांच्या टाकीत त्याला वळताही येत नाही. मग लोक तो धरणात सोडून येतात. सकर मासा उजनी धरणात असाच शिरून माजला. वाघूर धरणाचं तसं होऊ नये म्हणून नाना सकर ठेवतच नाहीत.

मुलीसाठी ठरले मोली, प्लॅटी आणि बारा झेब्रे. पहिले दोन मध्य अमेरिकेकडचे, जड पाण्यातच खुलणारे. झेब्रा आपल्याच ओढ्यांतला, फ्रान्सिस हॅमिल्टननं 1822 च्या गंगेच्या माशांवरील ग्रंथात नोंदलेला, ऊन आणि थंडी दोन्ही झेलणारा. मुलगी हिरमुसली. गप्पीसारखेच फुकटचे मासे दिसतात, म्हणाली. आरोग्य खातं डासांसाठी गप्पी वाटतं ते तिनं शाळेत पाहिलं होतं. नानांनी तिला झेब्र्यांच्या टाकीसमोर उभं केलं आणि काही बोलले नाहीत. खिडकीतून आलेल्या तिरप्या उन्हात ते बारा मासे एकाच वेळी वळले, निळ्या-सोनेरी पट्ट्या एकदम पेटल्या. ती बराच वेळ तिथून हलली नाही.

पण लगेच मासे दिले नाहीत. आधी महिनाभर टाकी नुसती चालवली. पीएच एकानं वाढला की अमोनियाचा विषारी हिस्सा सुमारे दसपट होतो. आठ पीएचच्या गावात घाई परवडत नाही. मग पाच झेब्रे, पंधरवड्यानं बाकीचे.

पोऱ्याचा जॉइंट नानांइतका सरळ नाही. डाव्या कोपऱ्यात सिलिकॉन जरा जाड उतरलंय. नानांना ते खुपतं, सरांच्या घरी गेले की नजर तिथंच जाते. आधीचे नाना असते तर ब्लेडनं कापून पुन्हा भरलं असतं. या वेळी त्यांनी फक्त काचेवर मार्करनं पाण्याची रेघ मारली आणि मुलीला दाखवली: एवढ्याच्या खाली उतरलं की जारचं पाणी.

जूनमध्ये कांग नदीला पहिलं गढूळ पाणी आलं, त्याच आठवड्यात नानांनी दुकानाच्या पत्र्याखाली निळा ड्रम लावला. पहिले दोन पाऊस वाहू दिले, पत्र्यावरची धूळ धुऊन गेली. तिसऱ्या पावसात ड्रम अर्धा भरला. पोऱ्यानं पेन बुडवलं आणि चष्मा नसलेल्या नानांना आकडा वाचून दाखवला: 22. नानांनी तांब्या भरला, जुन्या टाकीचं झाकण उचललं आणि थरथरत्या हातानं, मासे दचकू नयेत अशा बेतानं, काचेच्या कडेनं पाणी सोडत राहिले.