कांजूरचे मीठ आणि चाळीस दिवस

वाचकहो, कामानिमित्त मुंबईला गेलात, तर दादरहून मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीत बसा. घाटकोपर गेले, विक्रोळी गेले, की पुढचे स्टेशन कांजूरमार्ग. बरेच उतारू पश्चिमेला पवईच्या दिशेने जातात. तुम्ही पूर्वेला उतरा. उंच इमारतींच्या दाटीत जुने कांजूर गाव तिकडे आहे. महामार्गाच्या पलीकडे खाडी आणि मिठागरांची सपाट जमीन आहे.

इथल्या जुन्या रहिवाशांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती आहेत. नाव इंग्रजी असले तरी बोली मराठीच. १५३४ नंतर साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल बसला, त्या काळात इथल्या अनेक शेतकरी व कोळी घराण्यांत ख्रिस्ती धर्म आला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. राज्य बदलले, पण या घरांतली प्रार्थना आणि भाताची शेती तशीच चालू राहिली. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली घेतले.

या समाजाचा आगेरा हा सण तुम्हाला आपल्या नवान्नासारखा वाटेल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग त्या घरोघर जातात. मुंबईच्या अनेक गावठाणांत आता शेतच उरलेले नाही. तिथे सणापुरत्या लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. सण आहे, पण शेत नाही. शेतकऱ्याच्या मनाला हे लागल्याशिवाय राहत नाही.

सगळीच जमीन मोहाने गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही रस्त्याला गेली, काही कारखान्यांना, काही सरकारने घेतली. पण काही जमीन मात्र घरात बसून, चहा पिता पिता, शब्द देऊन गेली. हा मोह तुमच्या-माझ्या गावाच्या वेशीपर्यंतही आलेला आहे, म्हणून त्याचा विचार करायचा.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात मोहाचीच कथा आहे. प्रभू येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिले. भूक लागली, तेव्हा सैतान आला. तो काही भलतेसलते मागत नाही. या दगडांच्या भाकरी कर, एवढेच सांगतो. मग मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून लोकांना दिपवायला सुचवतो. शेवटी उंच डोंगरावरून सारी राज्ये दाखवतो आणि एकदाच नमस्कार कर म्हणतो. येशू तिन्ही वेळा नकार देतात.

यातली पहिली गोष्ट ध्यानात घ्या. मोह भरल्या पोटी येत नाही, नडीच्या वेळी येतो, आणि मदतीचे रूप घेऊन येतो. दगडाची भाकरी म्हणजे जमिनीची रोकड. शिखरावरची उडी म्हणजे चार लोकांत दिसावा म्हणून केलेला लग्नाचा थाट. आणि डोंगरावरून दिसणारी राज्ये म्हणजे दलालाने कागदावर दाखवलेला बंगला आणि गाडी.

ख्रिस्ती लोक या चाळीस दिवसांची आठवण म्हणून राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ पाळतात. तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. आपल्याकडे हेच दिवस मार्चअखेरच्या कर्जफेडीचे आणि लग्नसराई तोंडावर आल्याचे. मिठागरातही हाच हंगाम. उधाणाच्या भरतीचे पाणी आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडतात आणि उन्हाला त्याचे काम करू देतात. घाईने मीठ पिकत नाही. येशूंनी आपल्या शिष्यांना मिठाचीच उपमा दिली होती. खारटपणा गेला, की मग मिठाला मोल कसले?

कांजूरच्या मिठागरांनाही आज भाव आला आहे. २०२० साली मेट्रोच्या कारशेडवरून तिथल्या जमिनीचा केंद्र आणि राज्य यांच्यातला वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकारांनाही जिथे ओढ सुटत नाही, तिथे एकट्या शेतकऱ्याने किती तग धरायचा?

म्हणून एक साधा नेम करून पाहा. जमिनीचा सौदा घेऊन कोणी दारात आला, तर त्या दिवशी शब्द देऊ नका, इसारही घेऊ नका. चाळीस दिवस मागून घ्या. तेवढ्या काळात सातबारा उताऱ्यावरची नावे वाचा. घरातल्या बायकांना विचारा, सासरी गेलेल्या लेकींनाही विचारा. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू घरांत वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ख्रिस्ती घरांत मृत्युपत्र नसेल, तर १९२५ च्या वारसा कायद्याने मुलगा-मुलगी समानच.

चाळीस दिवसांनीही विकणेच शहाणपणाचे वाटले, तर विका. त्यात पाप नाही. पण तो निर्णय तुमचा असेल, भुकेचा नसेल.