एकल्स स्ट्रीटचा कठडा

जेम्स जॉइसशी आमचा परिचय आधी टिपणांतून झाला; पुस्तकातून फार उशिरा. लोणी देवकरला राहून आम्ही मराठी शिकवीत होतो. 'संज्ञाप्रवाह म्हणजे मनातील विचारांचे विस्कळीत वाहणे' अशी व्याख्या लिहून द्यायची, मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस'चे (१९४२) नाव सांगायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे, हा आमचा शिरस्ता. 'युलिसिस' आम्ही वाचलेलीच नव्हती.

वाचली, तेव्हा त्या 'विस्कळीत' शब्दाची लाज वाटली. जॉइसने १९०४ साली डब्लिन सोडले. १९१२ नंतर तो तेथे परतलाच नाही. ट्रिएस्ट, झुरिक, पॅरिस असे बिऱ्हाड हलवीत त्याने १६ जून १९०४ या एका दिवसाची कादंबरी लिहिली. ती १९२२ मध्ये निघाली. आदल्या वर्षी, लेखन संपत आले असताना, त्याने पॅरिसहून डब्लिनच्या मामीला पत्र लिहून विचारले: सात नंबर, एकल्स स्ट्रीट या घराचा कठडा ओलांडून साधारण माणसाला खाली उतरता येईल का? त्याचा ब्लूम किल्ली विसरला होता, एवढेच कारण! शेवटच्या प्रकरणात मॉलीच्या मनाला विरामचिन्हांचा अडसर जवळजवळ नाही. पण तेथेही मन निराधार तरंगत नाही, माणसांना आणि जागांना धरूनच पुढे सरकते. ('पोर्ट्रेट'मध्ये निवेदनाची भाषा नायकाच्या वयाबरोबर वाढत जाते, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आमच्या शेजारच्या आजी जुन्या पळसदेवच्या. ते गावठाण उजनीच्या पाण्यात गेले. पाणी ओसरले की पळसनाथाचे देऊळ तेवढे उघडे पडते. आजी सांगू लागत, "सर, येशीतनं आत आलं की डाव्या हाताला आड. तितंच आमची म्हस बिथरली, आन् ह्यांला ताप भरलेला..." आडावरून म्हैस, म्हशीवरून नवऱ्याचे दुखणे, तेथून थेट देवळाची पायरी. म्हातारपणाचे चऱ्हाट म्हणून आम्ही मान डोलवीत असू आणि हातातले पेपर तपाशीत असू.

'युलिसिस'नंतर ध्यानात आले की आजींची प्रत्येक उडी एका जागेवरून होती, आणि ती जागा कधी चुकत नव्हती. वही घेऊन बसावे असे ठरविले, तोवर त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, बोलणे थांबले होते. वेशीपासून देवळापर्यंतचा रस्ता आमच्यापाशी अर्धाच आहे. आडाच्या पुढे कोणाचे घर होते, हे विचारायचे राहून गेले.