आईचा खराटा

1985 साल. वरळीच्या बी. डी. डी. चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत आठ-नऊ माणसे राहत. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात आमच्यापैकी दोघांच्या वडिलांचे काम गेले होते. आम्ही चौघे चौदा-पंधरा वर्षांचे. एक बोलताना अडखळे, एक नववीत नापास, एकाचा पाय अधू आणि एक परभणीकडून नुकतीच आलेली. ती बोलली की वर्ग हसायचा. मधल्या सुट्टीत आम्हाला कोणी खेळायला घेत नसे.

एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेने आम्ही एकत्र आलो. रंगांची पेटी चौघांत मिळून एकच घेतली. ती ज्याच्या घरी, त्याच्या घरी बाकीचे तिघे. रंगांबरोबर चटणी-भाकरीही वाटून खाऊ लागलो.

चाळीतल्या एका दादाने आम्हाला दया पवारांचे ‘बलुतं’ वाचायला दिले. 1978 साली आलेल्या त्या पुस्तकात आमच्यासारखीच माणसे होती, काहीही न लपवता लिहिलेली. दादा म्हणाला, “तुम्हीही आपलं लिहा, आपलं काढा.” मग आम्ही भित्तिपत्रक सुरू केले. परभणीच्या मैत्रिणीने तिच्याच बोलीत आजीवर लिहिले. ते वाचायला बाया जिन्याखाली थांबू लागल्या.

अडखळणाऱ्या मित्राची आई पालिकेत झाडूकाम करी. शाळेच्या वाटेवर ती दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडे जाई. हे आम्हाला माहीत होते. आम्हीही आपापल्या घरचे असेच काही लपवत होतो. एका महिन्यात त्याने चित्र दिले: पहाटेचा रस्ता आणि खराटा घेतलेली आई. खाली स्वतःचे पूर्ण नाव.

आई चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “खराटा असा धरत्यात व्हय रं? डावा हात वर पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी ती खराटा घेऊन उभी राहिली आणि त्याने सगळ्यांदेखत चित्र दुरुस्त केले. पुढे शाळेच्या वाटेवर त्याने रस्ता बदलला नाही.

आमच्यातला कोणी नामवंत चित्रकार झाला नाही. एकाने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आल्यावर तेही काम गेले. पण चौघांची मैत्री आजही टिकून आहे.

आईबापांना एवढेच सांगणे आहे. पोर वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या ओढत असेल, तर ओरडण्याआधी ते पान एकदा पाहा. कदाचित त्यात तुम्हीच असाल.