पापही आणि प्रमाणही

वसईजवळील भुईगांव येथें १९५६ सालीं अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सोपाऱ्यास १८८२ सालींच मिळाला होता. नवव्या लेखाचा आशय मोठा मननीय आहे. आजारांत, लग्नांत, मूल जन्मतांना, प्रवासास निघतांना लोक नानाविध मंगलाचार करतात. त्यांचें फळ थोडें. खरा मंगलाचार म्हणजे नोकरचाकरांशीं नीट वागणें, वडीलधाऱ्यांचा मान राखणें आणि प्राणिमात्राविषयीं संयम बाळगणें. आचाराचें टरफल उरतें आणि धर्म आंतून निघून जातो, ही व्यथा याच किनाऱ्यावर बावीसशें वर्षांपूर्वीं दगडांत कोरली गेली, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

याच सोपाऱ्यास अरब भूगोलकार ‘सुबारा’ म्हणत. कोंकणच्या बंदरांशीं त्यांच्या देशबांधवांचा व्यापार फार जुना, आणि येथील मुसलमान समाजही तितकाच जुना. तेव्हां त्यांच्या धर्मश्रद्धेविषयीं बोलतांना आम्ही परक्यांविषयीं बोलत नसून शेजाऱ्यांविषयीं बोलत आहों.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ आहेत. नमाज कधीं न चुकविणारे, व्यवहारांत चोख. त्यांच्या नात्यांतील एका तरुणानें रागाच्या भरांत एका दमांत तीन वेळां तलाक उच्चारून बायकोस घराबाहेर काढिलें, ही बहुत वर्षांपूर्वींची गोष्ट. दुसऱ्या दिवशीं तो स्वतःच रडत बसला होता. “साहेब, शब्द तोंडांतून सुटला, आतां इलाज नाहीं,” असें ते म्हणाले. कुराणांत तर तीन महिन्यांची मुदत सांगितली आहे ना, असें आम्हीं विचारतांच ते म्हणाले, “तें खरें. मौलवीही हें पाप म्हणतात. पण झालें म्हणजे झालेंच, असेंही म्हणतात.”

पापही आणि प्रमाणही! कुराणांत पाहावें, तर घटस्फोटाची वाट मुद्दाम लांबविलेली दिसते. पतिपत्नींत बेबनाव झाला, तर दोन्हीं घरांकडील एकेक मध्यस्थ नेमावा. तलाक दिलाच, तर इद्दतीच्या मुदतींत तो परत घेतां यावा. आणि अशी माघार दोनदांच घेतां यावी. क्रोध निवावा, लेंकरांकडे पाहून मन वळावें, यासाठींच ही योजना. पुढें शास्त्रकारांनीं एका दमांतील तीन उच्चारांस ‘तलाक-ए-बिद्दत’ असें नांव दिलें. हनफी पंडितांनीं तर त्यास पाप मानिलें, आणि तरीही लग्न तुटलें असा निवाडा दिला. इब्न तैमियासारख्या विद्वानांनीं असे तीन उच्चार एकच समजावे असें सांगितलें. शिया पंथानें ही रीत मानिलीच नाहीं. तात्पर्य, दुसरी वाट बंद नव्हती.

अशा समजुतीचा जो संसारिक अनर्थ, तो सर्वांस दिसतो. आत्मिक हानीचा विचार मात्र क्वचित् होतो. जो पुरुष पाप करूनही त्याचें फळ हक्कानें उपभोगतो, त्याचा विवेक हळूहळू मुका होतो. पश्चात्ताप झाला, तरी त्यास करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. जी स्त्री घराबाहेर पडते, तिला आपली दुर्दशा हीच ईश्वराची आज्ञा असें वाटूं लागतें, आणि भीतीलाच ती भक्ति समजते. आणि ज्याला दयाळू म्हणून एक सोडून प्रत्येक सूऱ्याच्या आरंभीं हांक मारावयाची, तो परमेश्वर रागावलेल्या माणसाच्या तीन शब्दांपुढें हतबल होऊन बसतो! आमच्या मतें ही शेवटची हानि सर्वांत मोठी.

कोंकणांतल्याच चिपळूणजवळील मिरजोळी गांवच्या हमीद दलवाई यांनीं हें दुःख चव्हाट्यावर आणिलें. १८ एप्रिल १९६६ रोजीं मुंबईंत त्यांनीं सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा नेला. सातच, परंतु त्या सात जणींनीं भीति आणि भक्ति यांतील भेद ओळखिला होता. २२ मार्च १९७० रोजीं पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालें. दलवाई १९७७ सालीं, पंचेचाळिशीही न गांठतां, गेले. २२ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तीन विरुद्ध दोन मतांनीं ही रीत रद्द ठरविली, आणि २०१९ सालीं ती दंडनीय झाली. त्या खटल्यांत प्रथेची बाजू मांडणाऱ्यांनींही ती अनिष्ट आहे हें नाकारिलें नव्हतें.

हिंदु वाचकानें यावर समाधानानें मान डोलावूं नये. विधवेचें केशवपन क्रूर खरें, पण शास्त्र आहे. अस्पृश्यता वाईट खरी, पण रूढि आहे. हीच भाषा आमच्या आजोबांपणजोबांच्या ओसरीवरही चाले. १८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला, तरी पुढें कित्येक दशकें विधवांचीं लग्नें विरळाच लागलीं. कारण कायदा बदलला होता, मन बदललें नव्हतें. शेजाऱ्यांच्या घरींही तेंच घडूं शकतें. दंडाच्या भयानें जीभ आवरेल. परंतु जें पाप आहे तें ईश्वराला मान्य असूं शकत नाहीं, ही साधी श्रद्धा त्यांच्या मशिदींत आणि आमच्या देवघरांत ज्याची त्यानेंच जागविली पाहिजे.